माठ उलटवणाऱ्या गोदाबाई

मध्य प्रदेशातल्या परसवाड्याहून बैहरकडे निघालं की सातव्या किलोमीटरला डाव्या हाताला मोहाची तीन झाडं लागतात आणि त्यांच्या मागे गोदाबाई लांजेवारांचं घर. घर म्हणायचं ते एकट्या गोदाबाईंनीच. रस्त्यावरून जाणारे त्याला गेस्ट हाऊस म्हणतात. फोनवर ते ‘फार्म स्टे’ म्हणून दिसतं. गोदाबाईंचे यजमान शालिकरामजी ‘आपलं छोटंसं’ म्हणतात आणि छाती फुगवतात. एक लांबलचक हॉल, त्यात चौदा गाद्या, दोन दिवाण आणि एक टीव्ही. हॉलला लागून मोठं स्वयंपाकघर, पाहुण्यांना वाटलं तर त्यांनीही तिथे रांधावं. मागे दोन संडास, दोन न्हाण्या, समोर पडवी. वेगळ्या खोल्या नाहीतच. जे येतात ते घोळक्याने येतात, घोळक्याने लोळतात आणि घोळक्यानेच घाण करून जातात. नवरा-बायको दोघं मागच्या दोन खोल्यांत राहतात.

शालिकरामजी तिरोडीच्या खाणीत हजेरीबाबू होते. तीस वर्षं माणसांची नावं पुकारण्यात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतर शेतातल्या शांत घरात त्यांचा जीव रमेना. माणसं पाहिजेत, म्हणाले. मग हा उद्योग निघाला. पाटी रंगवून घेतली ती त्यांच्याच पसंतीच्या शब्दाची, ‘सहवास’. शाळेत मराठी शिकलेला माणूस, चार लोकांनी एकत्र राहावं, हसावं-बोलावं, एवढाच अर्थ त्यांच्या मनात. पण पाटी लागली ती हिंदी मुलखात. रंगाऱ्याने एक शब्द न बोलता ती ठळक लाल अक्षरांत रंगवली आणि गालात हसत निघून गेला. हिंदीत त्या शब्दाचा जो अर्थ होतो तो गोदाबाईंच्या तोंडून आजही निघत नाही. ट्रकवाले पाटीसमोर गाडी हळू करून भोंगा वाजवायचे. एकदा बालाघाटहून एक जोडपं तोंडाला ओढणी बांधून आलं आणि पोरीने खाली पाहत विचारलं, “अंकल, घंटे के हिसाब से भी देते हैं क्या?” त्या दिवशी गोदाबाईंनी स्वतः शिडी लावली आणि पाटीवर शेणाचा गोळा फिरवला. दुसऱ्या आठवड्यात ‘विसावा’ अशी पाटी लागली. पंधरा दिवस गोदाबाई देवापुढे बसल्या की आधी त्या शब्दाची माफी मागायच्या आणि मग पोथी उघडायच्या.

पाटी बदलली, पण माणसं काही बदलली नाहीत. नागपूर, गोंदिया, रायपूर, दुर्ग, जबलपूर. शनिवारी दुपारी गाड्या यायच्या आणि रविवारी संध्याकाळी जायच्या. गेल्यावर जे मागे राहायचं ते गोदाबाईंनी पाहिलंय. दिवाणावर ओले टॉवेल. बेसिनमध्ये केसांचा गुंता आणि त्यात अडकलेलं कोंबडीचं हाड. गादीवर बसून कापलेली पायाची नखं, चंद्रकोरीसारखी, चादरीत रुतलेली. साबणाच्या वडीला चिकटलेले कुरळे केस, ते कोणाचे आणि कुठले याचा विचारही नको. तुळशीच्या कुंडीत तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पिंक. एकदा उशीच्या मागे लहान लेकराचा भरलेला डायपर, नीट घडी घालून ठेवलेला, जणू कोणी ठेव म्हणून देऊन गेलंय. संडासाबद्दल तर त्या कधी कोणाशी बोलल्याच नाहीत. नाकाला पदर लावून, ‘राम राम’ म्हणत, फिनाईलची बाटली रिकामी होईपर्यंत ओतत राहायच्या.

आणि ही सगळी चांगल्या घरची माणसं बरं का. डोळ्यांवर गॉगल, अंगाला अत्तराचा वास, मुलांशी इंग्रजीत बोलणारी. स्वतःच्या घरी हीच माणसं चप्पल दाराबाहेर काढत असतील. इथे दहा जणांचं झालं की कोणाचंच राहत नाही, असा गोदाबाईंचा अनुभव. जे सगळ्यांचं असतं त्यावर थुंकायला माणूस मोकळा होतो.

पण या सगळ्याहून त्यांना जास्त शिसारी यायची ती उष्ट्याची. पडवीत तिवईवर मोठा काळा माठ असायचा, वर पितळी झाकण आणि खुंटीला लांब दांड्याचं ओगराळं. ओगराळ्याने पाणी काढा, पेल्यात ओता, प्या, एवढं साधं. पण पाहुणे काय करायचे? तोंड लावलेला पेला तसाच माठात बुडवायचे. कोणी ओगराळ्यालाच तोंड लावायचा. जबलपूरच्या एका जाड्या माणसाने सकाळी ओगराळ्यातलं पाणी तोंडात घेतलं, गुळण्या केल्या, पिचकन अंगणात थुंकला आणि ओगराळं परत माठात सोडलं. गोदाबाई चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. चहा त्यांनी दिला. हसून दिला. मग स्वयंपाकघरात येऊन मोरीत ओकल्या.

ही किळस त्यांना कुठून आली तेही सांगायला हवं, नाहीतर बाई उगीचच नाकं मुरडणारी वाटेल. त्या नऊ वर्षांच्या असताना तुमसरकडे मामाच्या घरी लग्न होतं. मांडवात पाण्याचा मोठा हौदवजा ड्रम आणि शेकडो माणसं त्यात पेले बुडवून पाणी पीत होती. महिन्याभरात अर्ध्या वऱ्हाडाला कावीळ झाली. गोदाबाईंची धाकटी बहीण कमला, सहा वर्षांची, पिवळीधमक होऊन गेली. तेव्हापासून कोणाचा पेला पाण्यात बुडताना दिसला की गोदाबाईंच्या पोटात कमलाचे पिवळे डोळे उघडतात. लग्न होऊन तिरोडीच्या क्वार्टरात आल्या, तिथे वीस घरांना एक नळ. तिथेही त्यांनी आपलं पाणी कधी कोणाच्या भांड्याला लागू दिलं नाही.

आता पाहुण्यांना सांगायचं का नाही? सांगून पाहिलं होतं सुरुवातीला. दुर्गच्या एका बाईने त्यावर फोनवर लिहिलं की घरमालकीण खडूस आहे, पाणी प्यायलाही परवानगी घ्यावी लागते. शालिकरामजींनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि हुकूम सोडला की आजपासून पाहुण्याला टोकायचं नाही. त्यांच्या शब्दाबाहेर गोदाबाई कधी गेल्या नव्हत्या. त्यांनी तोंड बंद केलं आणि हात चालू केले. माठ उष्टा झालेला दिसला की न बोलता यायच्या, माठाची मान धरायच्या, उचलून शेवग्याच्या बुडाशी न्यायच्या आणि उलटवायच्या. सगळंच्या सगळं पाणी. मग माठ घासून पुन्हा भरायचा. एका शनिवारी चार वेळा उलटवलेला आहे. पाहुण्यांना वाटायचं, आंटी झाडाला पाणी घालते. शेवगा मात्र असा माजला की परसवाड्याच्या बाजारात त्याच्या शेंगांचं नाव झालं.

माठ पुन्हा भरायची गीता. गीता रामटेके, गावातल्या बौद्ध मोहल्ल्यातली, पस्तिशीची, काटक, कमी बोलणारी. चार वर्षांपासून कामाला. गोदाबाईंचा जगात कोणाच्या हातावर विश्वास असेल तर तो गीताच्या. तिने घासलेलं भांडं पुन्हा पाहावं लागत नाही. तिने झाडलेल्या कोपऱ्यात बोट फिरवलं तर बोटाला काही लागत नाही. पाहुणे गेल्यावर दोघी हॉलमध्ये उभ्या राहायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या. गीता म्हणायची, “काकू, तुमी तिकडून सुरू करा, मी इकडून.” शंभर शब्दांत मावणार नाही एवढं त्या एका वाक्यात असायचं. गीता नसती तर हा सगळा डोलारा गोदाबाईंनी कधीच बंद पाडला असता.

वैशाखातल्या एका शनिवारी बालाघाटहून एका वॉर्डातली सात कुटुंबं आली. एक मोठी गाडी, दोन छोट्या. उतरल्या उतरल्या गोदाबाईंच्या लक्षात आलं की ही माणसं वेगळी आहेत. चपला पडवीच्या खाली ओळीने. सामान एका कोपऱ्यात. रात्री जेवणं झाली तर बायकांनी आपापली ताटं उचलून मोरीत नेली, खरकटं एका बादलीत काढलं. सकाळी गोदाबाई उठून पाहतात तर चौदाच्या चौदा गाद्या घडी घालून रचलेल्या, फरशी झाडलेली आणि सगळी माणसं, लेकरंसुद्धा, पांढरे कपडे घालून हॉलमध्ये मांडी घालून बसलेली. बुद्धवंदना चालली होती. पाली शब्द गोदाबाईंना कळले नाहीत, पण सूर कळला. त्या दारात हात जोडून उभ्या राहिल्या. भक्ती कोणाचीही असो, तिला पाठ दाखवू नये, हे त्यांना लहानपणापासून माहीत.

नाश्त्याला पोहे करताना त्या गीताला म्हणाल्याही, चार वर्षांत पहिल्यांदा माणसं आली बघ. गीता हसली. त्यातल्या एका बाईला ती ओळखत होती. ज्योत्स्ना नाव, बालाघाटच्या शाळेत मास्तरीण, गीताच्या माहेरच्या गावची. दोघी मागच्या अंगणात बराच वेळ बोलत बसल्या होत्या.

दहाच्या सुमाराला सगळी मंडळी हट्ट्याची बावडी, ती जुनी पायऱ्यांची विहीर, पाहायला निघायची म्हणून अंगणात जमली. तेवढ्यात ज्योत्स्नाची मुलगी मयुरी, सहा वर्षांची, धावत पडवीत आली. टाचा उंचावून तिने झाकण सरकवलं, ओगराळं बुडवलं आणि त्यालाच तोंड लावून घटाघटा पाणी प्यायली. अर्धं उरलेलं माठात परत ओतलं आणि पळाली.

गोदाबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांना पोरीचा राग आला नाही. त्यांच्या मनात काही आलंच नाही, असं त्या पुढे शपथेवर सांगत. हातांना सवय होती. त्या आल्या, माठाची मान धरली, अंगणातून सगळ्यांसमोरून चालत गेल्या आणि शेवग्याच्या बुडाशी माठ उलटवला.

अंगणातली बोलणी थांबली. ती का थांबली हे गोदाबाईंना रिकामा माठ घेऊन मागे वळेपर्यंत कळलं नाही. वळल्या तर पंचवीस-तीस माणसं त्यांच्याकडे पाहत होती. मयुरी आईच्या पदराआड गेली होती. एक म्हातारे गृहस्थ खाली बसून चपलेचा पट्टा उगाचच काढून पुन्हा लावत होते.

ज्योत्स्ना पुढे आली. आवाज चढवला नाही तिने. “काकू, हे पाणी काहून फेकलं?”

“पोरीनं तोंड लावलं ना ओगराळ्याले.”

“तोंड लावलं म्हणून फेकलं, का पोरगी कोणाची हाये ते पाहून फेकलं?”

गोदाबाईंना आधी प्रश्नच समजला नाही. समजला तेव्हा कानशिलं तापली. असं कोणी आपल्याला विचारू शकतं, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी कोणाला दारातून परत पाठवलं नव्हतं, कोणाला वेगळ्या कपात चहा दिला नव्हता. नवरा पडवीच्या खांबाला धरून उभा. गोदाबाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि त्यांना गीता दिसली, राखेच्या हातांनी मोरीपाशी उभी. त्यांच्या जिवात जीव आला.

“गीता, सांग वं इले. मी सगळ्यायचंच फेकतो का नाही?”

गीताने हात पदराला पुसले. “हौ ताई. काकू सगळ्यायचंच फेकतेत. मागच्या हप्त्यात रायपूरवाले आलते, बनिया लोक होते, त्यायचं तीन डाव फेकलं. मीच भरला माठ.”

गोदाबाईंनी मान हलवली. झालं, मिटलं. पण ज्योत्स्ना गीताकडेच बघत होती. मास्तरीण होती ती. अर्धं उत्तर ऐकून थांबायची तिची रीत नव्हती.

“अन् यायच्या घरातलं पेवाचं पाणी कोण भरते? आतल्या घागरीचं?”

गोदाबाईच म्हणाल्या, “मी भरतो. विहिरीवरून.”

“गुडघे दुखतेत म्हणत होत्या ना तुमी काल? मंग चार वर्षांपासून गीता घरात हाये, ती काहून नाही भरत?”

बोलली ती गीता, जमिनीकडे पाहत. “मले मना कोणीच केलं नाही ताई. पहिल्या दिवशी मी घागर उचलाले गेलती. तं काकू म्हणे, राहू दे, ते मी पाहतो. मंग मी नाही लावला हात.”

“काहून म्हणाल्या होत्या काकू?” ज्योत्स्नाने विचारलं.

आठवत असतं तर गोदाबाईंनी सांगितलं असतं. खरंच आठवत नव्हतं. घागर जड म्हणून म्हटलं असेल. नवी बाई, पाय घसरेल म्हणून म्हटलं असेल. की सासूबाईंच्या तोंडचं वाक्य आपसूक तोंडात आलं असेल? सासूबाई असंच म्हणायच्या, अगदी याच शब्दांत, तिरोडीला, अंगण झाडायला येणाऱ्या बाईला. गोदाबाई मनात खोल खोल शोधत गेल्या आणि जिथे पोचल्या तिथून त्यांना वास आला. शिळ्या पाण्यात बुडालेल्या फडक्यासारखा. दुसऱ्याच्या घाणीचा वास त्या चार वर्षं घेत होत्या, हा त्यातला नव्हता.

“गीता,” त्या घाईघाईने म्हणाल्या, “जा, घागर भरून आण. आत्ता आण. मी पेतो सगळ्यायसमोर.”

गीताने पहिल्यांदा वर पाहिलं. “आता नाही काकू. आता सगळे पाहून राह्यले.”

आणि ती पुन्हा भांड्यांना बसली.

मंडळी हट्ट्याला गेली. येताना गाडीत पाण्याच्या बाटल्यांची खोकी होती, परसवाड्याहून घेतलेली. संध्याकाळपर्यंत त्यांनी बाटल्यांचं पाणी प्यायलं, लेकरांनीसुद्धा. गीताने भरून ठेवलेल्या माठाकडे कोणी फिरकलं नाही. भांडण नाही, शिवी नाही, फोनवर वाईट लिहिणं नाही. जाताना ज्योत्स्नाने हॉलची किल्ली शालिकरामजींच्या हातात दिली, नमस्कार केला आणि “जय भीम” म्हणाली. शालिकरामजींनी घाबरून दोन्ही हात जोडले.

गाड्या गेल्यावर गोदाबाई हॉलमध्ये गेल्या. सवयीने नाकाला पदर लावला. गाद्या रचलेल्या. बेसिन कोरडं, एक केस नाही. न्हाणीत साबणाची वडी धुऊन, उभी करून ठेवलेली. संडासात स्वतः पाणी टाकून ब्रश मारलेला. त्या एकेका कोपऱ्यात वाकून पाहत होत्या. कुठेतरी एखादं नख, एखादी पिंक, थुंकी, काहीतरी सापडावं, म्हणजे “शी” म्हणून मोकळं होता येईल. काही सापडलं नाही. पदर नाकावरून खाली आला.

सोमवारी गीता आली नाही. मंगळवारी नाही. शालिकरामजी म्हणाले दुसरी बाई पाहू, जगात काय बायांचा तोटा आहे. गोदाबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते पेपर घेऊन पडवीत गेले. शनिवारी दुर्गचे चौदा जण यायचे होते. पण गोदाबाईंना त्या चौदांची चिंता नव्हती. गीता आपल्याबद्दल काय समजून घरी बसली असेल, एवढं एकच त्यांना दिवसरात्र टोचत होतं. देवापुढे बसलं तरी तेच. दोन दिवस त्यांनी पोथीचं एकच पान वाचलं.

बुधवारी दुपारचं ऊन उतरायच्या आतच त्या निघाल्या. गीताचं घर चालत दहा मिनिटांवर. चार वर्षांत त्या तिथे एकदाही गेल्या नव्हत्या. तिच्या धाकट्या मुलीच्या बारशाला साडी पाठवली होती, शालिकरामजींच्या हातून. हेही त्यांना वाटेत आठवलं आणि ऊन जास्तच लागलं.

सारवलेलं अंगण, मातीचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, फळीवर भांडी अशी घासलेली की गोदाबाईंना आपल्या घरचीच वाटली. कोपऱ्यात माठ, त्यावर ताटली, ताटलीवर उपडा पेला. गीताने खुर्ची दिली. स्वतः उंबऱ्यावर बसली. काकांच्या तब्येतीचं विचारलं. शेवग्याला यंदा शेंगा किती, ते विचारलं. मोहफुलं वेचायला पोरी गेल्यात, म्हणाली.

पाणी मात्र विचारलं नाही.

आपल्याकडे दारात आलेल्या वैऱ्यालाही आधी पाणी विचारतात. गोदाबाईंच्या टाळूला जीभ चिकटली होती. गीताला ते दिसत असणार, कारण गीताला सगळंच दिसतं. ती का विचारत नाही, हे कळायला गोदाबाईंना थोडा वेळ लागला. विचारलं आणि काकूंनी ‘नको’ म्हटलं तर ते ‘नको’ ऐकायची गीताची तयारी नव्हती. आणि ‘हो’ म्हटलं तर तो ‘हो’ कशासाठी, तेही तिला बघायचं नव्हतं.

“गीता, पाणी दे ना वं. घसा सुकला.”

गीता उठली. पेला विसळला, ओगराळ्याने पाणी ओतलं, हातात दिलं. गोदाबाईंनी पेला धरला. त्यांच्या घशाशी काहीतरी आलं. काय ते त्यांना धड कळलं नाही. किळस म्हणावी तर या घरात किळस यावी असं काही नव्हतं. बाहेरच्या कोणत्याच घरचं पाणी त्यांना पटकन जात नसे, हे एक खरं. पण तेवढंच खरं आहे का, हे त्यांना आता स्वतःबद्दल सांगता येत नव्हतं. दोन वेळा थांबून त्यांनी पेला संपवला. डोळ्यांत पाणी आलं, ते ठसक्याचं, असं त्यांनी दाखवलं.

गीता बघत होती. मग म्हणाली, “एक सांगू काकू? उष्ट्याची किळस मले बी येते. माह्या माठात माह्या नवऱ्यालेबी पेला बुडवू देत नाही मी. पण मी तोंडानं सांगतो. ‘बुडवू नका’ म्हणतो. माठ उलटवून नाही सांगत.”

गोदाबाई म्हणाल्या, “तुहे काका बोलू देत नाही पाहुण्याले.”

“काकाले पाहुण्याचं भेव. तुमाले काकाचं भेव. अन् पाणी मले भरा लागते. एका दिवशी चार डाव.” एवढं सलग गीता चार वर्षांत बोलली नव्हती. “पहिल्या दिवशी बी तुमी मले सांगतलं असतं ना, घागर जड हाये म्हून राहू दे, का देवाची हाये म्हून राहू दे, जे असन ते, तं मी समजून घेतलं असतं. राहू दे म्हटलं तुमी, अन् तोंड फिरवलं. मंग मी काय ते मनानंच समजली.”

“मले आठवत नाही वं, मी काहून म्हटलं ते. देवाची आण घेऊन सांगतो.”

“मले मालूम हाये, तुमाले आठवत नाही.” गीता थोडी हसली, पण त्या हसण्यात गोडवा नव्हता. “आमच्याच लक्षात राह्यते ते.”

गोदाबाईंना वाटलं, आता उठावं, ही काही येत नाही. उठताना गुडघा धरला आणि बोलून गेल्या, “शुक्रवारी येशील का? आली तं घागर बी तूच भर. मनापासून म्हणतो.”

गीताने विचार केला. हिशेबी विचार, भाजी निवडताना करतात तसा. “येतो. पेवाची घागर भरतो. पण तुमच्या देवाच्या आंघोळीचं पाणी मी नाही भरणार.”

गोदाबाई दचकल्या. “काहून? मी देऊन राह्यली ना भराले.”

“तुमी देऊन राह्यल्या, पण मी देव मानत नाही काकू. आमच्यात नाही चालत ते. तुमचे देव तुमीच न्हाऊ घाला.”

गोदाबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. देवाचं पाणी कोणी नाकारू शकतं, आणि तेही आपण मोठ्या मनाने देऊ केल्यावर! रागही आला, चांगलाच. जिभेवर एक शब्द येऊन उभा राहिला. तो त्यांनी गिळला. गीताच्या घरच्या पाण्यापेक्षा तो गिळायला जड गेला. हिला ‘राहू दे’ म्हणायचा हक्क आहे तो असा, तोंडावर, कारण सांगून. आपल्याला कोणी असं सांगितलं तर कसं लागतं, तेही त्या क्षणी कळलं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “देवाचं मी पाहतो.”

शुक्रवारी गीता आली, विहिरीवर गेली आणि घागर भरून आत ठेवली. गोदाबाईंनी त्यातलं पाणी प्यायलं, देवाची कळशी स्वतः भरली, गुडघ्याने कुरकुर केली ती ऐकून घेतली. शालिकरामजींना जेवायला वाढताना सांगून टाकलं की यापुढे मी पाहुण्यांना टोकणार आहे, फोनवर कोणाला काय लिहायचं ते लिहू द्या. शालिकरामजींनी भाकरीचा तुकडा तोंडात धरून मान हलवली. मग भांडी घासता घासता दोघींनी हिंदी वाक्य जुळवलं. गोदाबाई म्हणाल्या, “भैया, मटके में जूठा मत डालो, नहीं तो मेरा जी मिचलाता.” गीता म्हणाली, जी मिचलाता राहू द्या, तेवढं नका सांगू, नाहीतर लोक डॉक्टरला बोलावतील.

शनिवारी दुर्गचे चौदा जण आले. गाडीतून उतरायच्या आधीच एकाने अंगणात खर्ऱ्याची पिंक टाकली. दुसऱ्याने बूट घालूनच हॉल ओलांडला. अर्ध्या तासात दिवाणावर ओले टॉवेल, टीव्ही मोठ्याने, स्वयंपाकघरात अंड्यांची टरफलं. पडवीत एक ढेरपोट्या गृहस्थ आला, हातातला पेला तोंडाला लावून रिकामा केला आणि माठाचं झाकण काढलं.

“भाईसाब,” गोदाबाई दारातून म्हणाल्या. आवाज निघता निघता फाटला. “गिलास जूठा है. मटके में मत डालो. वो डंडीवाला है ना, उससे लो.”

गृहस्थाने वळून पाहिलं. “अरे अम्मा, घर के ही तो लोग हैं सब. क्या जूठा, क्या साफ.” आणि हसत त्याने हात पुढे केला.

गोदाबाई पुढे गेल्या आणि माठाच्या तोंडावर आपला तळवा आडवा ठेवला. “घर में भी नहीं डालते,” त्या म्हणाल्या. “किसी का भी नहीं. मेरा भी नहीं.”

हॉलमधून दोघे-तिघे वाकून पाहायला लागले. कोणीतरी फोन वर केला. मोरीपाशी गीताने नळ बंद केला आणि ओल्या हातांनीच तिथे उभी राहिली. गृहस्थाने तोंड वाकडं केलं, खुंटीचं ओगराळं काढलं आणि पेल्यात पाणी ओतून घेतलं. जाता जाता “बड़ी खडूस औरत है” असं मुद्दाम ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला. त्याच्या दातांत सुपारीचा लाल चोथा अडकलेला होता आणि तोंडाचा भपकारा गोदाबाईंच्या तोंडावर आला.

त्यांनी माठावर झाकण ठेवलं, तळवा पदराला पुसला, मोरीपाशी येऊन दोन घोट पाणी तोंडात घेऊन थुंकल्या. मग गीताला म्हणाल्या, “त्या हॉलमध्ये जाऊन येतो. टॉवेलाचं बी सांगा लागन.”